थॅलेसेमिया-सिकलसेलचे वाहक जोडपे आणि गर्भाची जनुकीय तपासणी: रक्ताच्या पहिल्या रिपोर्टपासून गर्भरोपणापर्यंत

नवरा-बायको दोघंही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक (सदोष जनुकाची एकच प्रत असलेले, स्वतः आजारी नसलेले) निघाले की डॉक्टर एक हिशेब सांगतात: प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता थॅलेसेमिया मेजर, म्हणजे बाधित बाळाची. हल्ली त्याच भेटीत ‘पीजीटी’, म्हणजे गर्भरोपणाआधीची जनुकीय तपासणी, हेही कानावर पडतं. आयव्हीएफने गर्भ प्रयोगशाळेत वाढवायचे, प्रत्येकाच्या काही पेशी तपासायच्या आणि बाधित नसलेला गर्भच गर्भाशयात सोडायचा. सांगायला एवढंच. पण यातलं सगळ्यात नाजूक काम इंजेक्शनं सुरू होण्याआधीचं असतं, म्युटेशनच्या (जनुकातल्या सदोष बदलाच्या) रिपोर्टचं आणि घरच्यांच्या रक्तनमुन्यांचं, आणि घाईत नेमकं तेच उरकलं जातं. म्हणून या लेखात त्यावर जास्त वेळ आणि इंजेक्शनांवर कमी.

थॅलेसेमिया आणि सिकलसेल हीच उदाहरणं घेण्याचं कारण उघड आहे. उल्हासनगर, पिंपरी, नागपूरच्या सिंधी वस्तीत, लोहाणा आणि कच्छी भानुशाली समाजात थॅलेसेमियाचे वाहक जास्त आढळतात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा आणि तिकडे नंदुरबार या पट्ट्यात सिकलसेल. दोन्ही आजारांचं मूळ एकाच जनुकात, ११व्या गुणसूत्रावरच्या एचबीबीमध्ये. त्यामुळे एक वाहक थॅलेसेमियाचा आणि दुसरा सिकलसेलचा असला, तरी धोका चारात एक तेवढाच राहतो. ‘आमचे आजार वेगवेगळे आहेत, काही होत नाही’ असं समजून बरीच जोडपी निर्धास्त राहतात. तसं राहू नका.

आधी नाव नीट समजून घ्या

पीजीटी तीन प्रकारची असते. पीजीटी-एम म्हणजे घरात आधीच माहीत असलेल्या एका जनुकाच्या आजारासाठीची तपासणी. पीजीटी-एसआर ही जोडीदाराच्या गुणसूत्रांच्या रचनेतच अदलाबदल असेल तर करतात. पीजीटी-ए म्हणजे गर्भात गुणसूत्रांची संख्या बरोबर आहे का, एवढंच पाहणं.

थॅलेसेमिया-सिकलसेलसाठी लागते ती पीजीटी-एम. पीजीटी-ए नॉर्मल आलेला गर्भ थॅलेसेमिया मेजर असू शकतो, कारण त्या तपासणीत एचबीबी जनुक पाहिलेलंच नसतं. क्लिनिकच्या पॅकेजमध्ये ‘गर्भाची जेनेटिक टेस्ट समाविष्ट’ एवढंच लिहिलेलं असेल, तर कोणती, हे लिहून घ्या. सगळ्यात महाग पडणारा गैरसमज इथेच होतो.

पीजीटी हवीच का?

आयव्हीएफ सेंटरमध्ये हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, म्हणून तुम्हीच विचारा. नैसर्गिकरीत्या दिवस राहत असतील तर दुसरा, जुना आणि बराच स्वस्त मार्ग आहे. दिवस राहू द्यायचे आणि ११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यान सीव्हीएस करायची. म्हणजे वारेच्या पेशींचा छोटा नमुना घेऊन गर्भ बाधित आहे का ते पाहायचं. तज्ज्ञ हाताने केलेल्या सीव्हीएसमुळे गर्भपात होण्याचा धोका एक टक्क्याच्या आत असतो. चारात तीन वेळा निकाल दिलासा देणारा येतो. चौथ्या वेळी गर्भपाताचा निर्णय घ्यावा लागतो, आणि वेळेत तपासणी झालेली असल्याने तो २० आठवड्यांच्या मर्यादेच्या खूप आधी, कायद्याच्या चौकटीत घेता येतो.

काही जणींना तो एकदाही सोसवणार नाही. काहींनी तो दोनदा सोसलेला असतो. काहींना मूल होण्यासाठी तसंही आयव्हीएफ लागणारच असतं. काहींना धर्मामुळे किंवा मनाने गर्भपात मान्य नसतो. अशांसाठी पीजीटी योग्य. वय २७, दिवस सहज राहतात, सीव्हीएस करायची तयारी आहे, पैशाची ओढाताण आहे, अशा जोडप्याने कर्ज काढून पीजीटीकडे जावं असं मला वाटत नाही. दात्याचं बीज किंवा दत्तक हेही मार्ग आहेत. ते नको असतील तरी एकदा बोलून, ठरवून बाजूला ठेवा.

पहिली पायरी: म्युटेशनचं नाव मिळवा

एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी रक्ततपासणी) रिपोर्टमध्ये एचबीए२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार साडेतीन-चार टक्क्यांच्या वर आणि सीबीसीमध्ये एमसीव्ही, एमसीएच (लाल पेशींचा आकार आणि त्यांतलं हिमोग्लोबिन) कमी असेल, तर थॅलेसेमिया मायनर धरतात. विदर्भात शिबिरात सिकलसेलसाठी सोल्युबिलिटी टेस्ट झालेली असते. ती फक्त चाळणी आहे. ‘एएस’ (वाहक) की ‘एसएस’ (बाधित) हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसनेच ठरतं. एक बारकावा असा की अंगात लोह फार कमी असेल तर एचबीए२ खाली दिसू शकतं. त्यामुळे सीमारेषेवरचा रिपोर्ट घेऊन ‘नॉर्मल आहे’ असं म्हणू नका. लोहाची कमतरता भरून काढून तपासणी पुन्हा करा, किंवा थेट जनुक तपासा.

पीजीटीसाठी एचपीएलसी पुरत नाही. दोघांच्याही एचबीबी जनुकातला नेमका बदल कळावा लागतो. सिकलसेलमध्ये तो सगळ्यांत एकच असतो. थॅलेसेमियाचे बदल मात्र शेकडो आहेत. भारतात त्यांतले मोजकेच पुन्हा पुन्हा सापडतात: आयव्हीएस १-५, आयव्हीएस १-१, कोडॉन ८/९, कोडॉन ४१/४२ आणि ६१९ बेसपेअरचं डिलीशन. सिंधी आणि लोहाणा कुटुंबांत हे शेवटचं बरंच आढळतं, आणि घोटाळाही त्याचाच होतो. जनुकाचा तुकडाच गायब असल्याने साध्या सिक्वेन्सिंगमध्ये तो निसटू शकतो. एचबीए२ स्पष्ट वाढलेलं आहे आणि तरी सिक्वेन्सिंग ‘काही सापडलं नाही’ म्हणतंय, असं झालं तर लॅबला गॅप-पीसीआर किंवा एमएलपीए या गायब तुकडा पकडणाऱ्या तपासण्या करायला सांगा.

रिपोर्टमध्ये बदलासमोर ‘पॅथोजेनिक’ किंवा ‘लाइकली पॅथोजेनिक’ लिहिलेलं हवं. ‘अर्थ अनिश्चित’ अशा वर्गातला बदल असेल तर त्याच्या जोरावर गर्भ निवडणं चुकीचं. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्था आहे. हिमोग्लोबिनच्या आजारांवर तिथे अनेक वर्षं काम चालतं. खासगी लॅबचा रिपोर्ट समजत नसेल तर अशा ठिकाणच्या तज्ज्ञाला किंवा जेनेटिक कौन्सेलरला दाखवणं पैसे आणि वेळ दोन्ही वाचवतं.

दुसरी पायरी: घरच्यांचे नमुने

हा भाग समजला नाही तर लॅब सासू-सासऱ्यांचं रक्त का मागते, ते कळत नाही.

गर्भातून काढलेल्या पेशी पाच-दहा असतात. त्यांतला डीएनए इतका कमी की तो यंत्रात अनेक पटींनी वाढवावा लागतो. या वाढवण्यात कधीकधी जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच वाढते आणि दुसरी दिसतच नाही. समजा गर्भाला दोन्ही बाजूंनी सदोष प्रत आलेली आहे, पण दोन्ही बदल वेगवेगळे आहेत आणि त्यांतला एकच दिसला. मग बाधित गर्भ ‘वाहक’ म्हणून पास होईल. हे टाळण्यासाठी लॅब फक्त म्युटेशन पाहत नाही, तर त्याच्या दोन्ही अंगांना असलेल्या डीएनएच्या खुणाही पाहते. कोणत्या खुणांचा पट्टा सदोष जनुकाबरोबर चालत येतो, हे ठरवायला मात्र घरातला आणखी एक माणूस लागतो.

सगळ्यात उपयोगी नमुना आधीच्या मुलाचा, बाधित असो वा नसो, कारण त्याला काय मिळालं ते ठाऊक असतं. तो नसेल तर दोघांचेही आई-वडील. आधीच्या गरोदरपणात सीव्हीएस झाली असेल आणि लॅबने डीएनए जपून ठेवला असेल, तर तोही चालतो. मूल दगावलं असलं तरी त्याचा जपलेला नमुना कुठे आहे का, हे विचारा. बाधित मुलाला रक्त चढवलेलं असेल तर ते लॅबला आधी सांगा. दात्याच्या पेशींची सरमिसळ नको म्हणून लॅब नमुना कधी आणि कसा घ्यायचा ते ठरवेल.

आपल्याकडची एक वेगळी अडचण म्हणजे मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी झालेलं लग्न. नवरा-बायकोला सदोष जनुक एकाच आजी-आजोबांकडून आलं असेल, तर आजूबाजूच्या खुणाही सारख्याच असतात आणि दोन्ही बाजू वेगळ्या ओळखणं अवघड जातं. लॅबला मार्ग काढता येतो, पण त्यासाठी नातं लपवून चालत नाही. पहिल्याच भेटीत सांगा.

आणि घरच्यांशी बोलायचं कसं? रक्त मागितलं की ‘दोष कोणाकडून आला’ हा विषय निघतोच, आणि बहुतेक घरांत तो सुनेवर जाऊन थांबतो. आधीच सांगून टाका: मूल बाधित व्हायला दोन्हीकडच्या प्रती लागतात, आणि जवळजवळ नेहमीच दोन्ही घरांत आई किंवा वडील यांच्यापैकी किमान एक जण वाहक असतो. वाहकाला आजार नसतो. हे बोलणं डॉक्टरांसमोर झालं तर अर्धा वाद तिथेच मिटतो.

या पूर्वतयारीला काही आठवडे जातात. तिच्या शेवटी लॅब लेखी कळवते की तुमच्या कुटुंबासाठी चाचणी तयार आहे. ते पत्र हातात येईपर्यंत इंजेक्शनं सुरू करू नका. ‘गर्भ गोठवून ठेवू, चाचणी नंतर तयार होईल’ असं सुचवलं जातं. पुढे चाचणी जमलीच नाही, तर गोठवलेल्या गर्भांचं काय करायचं याला कोणाकडे चांगलं उत्तर नसतं. वयामुळे खरंच थांबता येत नसेल तरच, समजूनउमजून ही जोखीम घ्यावी.

तिसरी पायरी: क्लिनिक, लॅब आणि कायदा

क्लिनिकची नोंदणी २०२१च्या एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) कायद्याखाली हवी आणि जनुकीय तपासणी करणाऱ्यांची पीसीपीएनडीटी (गर्भलिंग निदान रोखणाऱ्या) कायद्याखालीही. प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असतं, वाचायला लाजू नका. एआरटी कायद्यानुसार गर्भाची तपासणी ज्ञात, आधीपासूनच्या, आनुवंशिक किंवा जनुकीय आजारांसाठीच करता येते. त्यासाठी स्त्रीचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ या मर्यादेत हवं.

गर्भाचं लिंग रिपोर्टमध्ये येत नाही. महाराष्ट्राने गर्भलिंग निदानावर १९८८मध्येच, देशात सर्वांत आधी, कायदा केला. आज एआरटी कायद्यात लिंग ठरवून गर्भ देऊ करणाऱ्याला पाच ते दहा वर्षं कैद किंवा दहा ते पंचवीस लाख रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. कोणी आडून सुचवलं तर तिथून उठून या. जो माणूस हे करतो, तो तुमच्या नमुन्याच्या लेबलांबाबतही काटेकोर असण्याची शक्यता कमी.

विचारायचे प्रश्न: पेशी कोण काढतो आणि त्याने आजवर किती गर्भांवर हे केलं आहे? नमुना ट्यूबमध्ये घालताना दुसरी व्यक्ती नाव आणि क्रमांक तपासते का? निकाल आला नाही तर पुन्हा तपासणीचा खर्च कोणाचा? खर्चाचे तुकडे वेगवेगळे लिहून मागा: पूर्वतयारी, आयव्हीएफ सायकल, औषधं, पेशी काढणं, प्रत्येक गर्भामागे तपासणी, गोठवणं, दरवर्षीचं साठवणीचं भाडं आणि प्रत्येक गर्भरोपण. ‘पॅकेज’ या नावाखाली यातले दोन-तीन नेहमी बाहेर राहतात.

चौथी पायरी: इंजेक्शनं ते पेशी काढणं

हा भाग कोणत्याही आयव्हीएफसारखाच. साधारण दहा-बारा दिवस हार्मोनची इंजेक्शनं, मधेमधे सोनोग्राफी, मग ट्रिगर (बीजं पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन) आणि त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी भूल देऊन स्त्रीबीजं काढणं. पोट फार फुगलं, श्वास लागला, लघवी कमी झाली तर रात्र असली तरी फोन करा. ओव्हरी अतिउत्तेजित झाल्याची ती लक्षणं आहेत.

पीजीटी-एममध्ये फलनासाठी इक्सी करतात, म्हणजे एका बीजात एकच शुक्राणू सुईने सोडतात. बाहेर चिकटलेल्या इतर शुक्राणूंचा किंवा बीजाभोवतीच्या पेशींचा डीएनए तपासणीत मिसळू नये म्हणून ही काळजी.

पाचव्या-सहाव्या दिवशी गर्भ ब्लास्टोसिस्ट होतो. आतल्या पेशींच्या गोळ्यातून बाळ घडतं, बाहेरच्या थरातून वार. लेझरने कवचाला छोटं भोक पाडून बाहेरच्या थरातल्या पाच-दहा पेशी काढतात. १९९०मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये अॅलन हँडीसाइड आणि सहकाऱ्यांनी ही तपासणी पहिल्यांदा यशस्वी केली, तेव्हा तिसऱ्या दिवसाच्या गर्भातली एखादीच पेशी काढत असत. तेवढ्याशा गर्भातून एक पेशी जाणं म्हणजे बराच वाटा जाणं. आताची पद्धत गर्भाला सोसायला बरी आणि निकालही जास्त भरवशाचा.

पेशी लॅबकडे जातात. गर्भ तुमच्याच क्लिनिकमध्ये, द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर गोठवून राहतात.

गळती किती होते याची कल्पना हवी. समजा बारा बीजं मिळाली. नऊ-दहा पक्व असतील, सातेक फलित होतील, पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत तीन-चार पोचतील. चारांपैकी एक बाधित धरला तर हाती राहिले तीन. हा सरासरीचा हिशेब झाला. दोनच गर्भ असतील तर दोन्ही बाधित निघण्याची शक्यता सोळात एक, आणि कोणाच्या तरी वाट्याला ती येतेच. एएमएच (बीजांचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) कमी असलेल्या स्त्रीने दोन सायकलची मानसिक आणि आर्थिक तयारी आधीच ठेवावी.

पाचवी पायरी: रिपोर्ट वाचणं

प्रत्येक गर्भापुढे चारांपैकी एक शेरा येतो: बाधित, वाहक, वाहकही नाही, किंवा निकाल नाही.

वाहक गर्भावरून घराघरात वाद होतात. ‘एवढा खर्च केला तर पूर्ण शुद्धच हवा’ असा आग्रह धरला जातो. मला तो पटत नाही. वाहक बाळ म्हणजे तुमच्याचसारखं माणूस, रक्ताच्या एका रिपोर्टपलीकडे ज्याला काही जाणवतही नाही. चार गर्भांत सरासरी एक बाधित, दोन वाहक, एक मोकळा. वाहक टाकून दिले तर तीन संधींची एक होते. चांगल्या दर्जाचा वाहक गर्भ आणि कमकुवत मोकळा गर्भ यांत मी पहिला निवडेन. वाहक मुलाला लग्नाआधी जोडीदाराची तपासणी करावी लागेल, एवढंच.

‘निकाल नाही’ म्हणजे बाधित नव्हे. असा गर्भ वितळवून पुन्हा पेशी काढता येतात. गर्भाला थोडा धक्का बसतो, पण हाती गर्भ कमी असतील तर विचार करण्यासारखं आहे.

पीजीटी-ए जोडायची का?

त्याच पेशींवर गुणसूत्रांची संख्याही पाहता येते, म्हणून लॅब दोन्ही देऊ करते. वय ३७-३८च्या पुढे असेल किंवा वारंवार गर्भपात झाले असतील तर अर्थ आहे, कारण वयाबरोबर चुकीच्या संख्येचे गर्भ वाढतात आणि चाळिशीनंतर ते निम्म्याहून जास्त असतात. तरुण जोडप्याला मात्र सरसकट फायदा दिसलेला नाही. चीनमध्ये १,२१२ स्त्रियांवर झालेल्या आणि २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तपासणी केलेल्या गटात ७७.२ टक्के, तर न केलेल्या गटात ८१.८ टक्के स्त्रियांना मूल झालं.

शिवाय ‘मोझेक’ नावाचा मधला निकाल येतो: काही पेशी नॉर्मल, काही नाहीत. असे गर्भ सरसकट फेकायचे नसतात. इटलीतल्या डॉक्टरांनी २०१५मध्ये असे १८ गर्भ सोडून सहा निरोगी बाळं जन्मल्याचं नोंदवलं. थॅलेसेमियामुळे आधीच एक चाळणी लागली आहे. दुसरी लावायची असेल तर मोझेक गर्भाचं काय करायचं ते रिपोर्ट येण्याआधी ठरवा, कारण रिपोर्ट समोर असताना शांतपणे ठरवणं जमत नाही.

मोठ्या मुलासाठी एचएलए जुळवणं

घरात थॅलेसेमिया मेजर मूल असेल तर अस्थिमज्जा जुळेल असाच गर्भ निवडता येईल का, हा प्रश्न येतो. येतो, पण गणित कडक आहे. भावंडाशी एचएलए (मज्जा जुळते का हे ठरवणाऱ्या पेशींवरच्या खुणा) जुळण्याची शक्यता चारात एक, बाधित नसण्याची चारात तीन. दोन्ही मिळून सोळात तीन. म्हणजे पाच-सहा गर्भांमागे जेमतेम एक, आणि तो रुजेलच असं नाही. अहमदाबादमध्ये अशा रीतीने २०१८मध्ये जन्मलेल्या बहिणीची मज्जा २०२०मध्ये थॅलेसेमिया मेजर भावाला देण्यात आली. गर्भापासून प्रत्यारोपणापर्यंत दोन-तीन वर्षं धरावी लागतात हे त्यातून दिसतं. मोठ्या मुलाच्या शरीरात तोवर लोह साठत असतं, म्हणून त्याच्या रक्तविकारतज्ज्ञाशी आधी बोला. आणि जुळणी झाली नाही तरी हे मूल आपल्याला हवं आहे का, याचं उत्तर आधी एकमेकांना द्या.

सहावी पायरी: गर्भरोपण आणि पुढे

रिपोर्टनंतरच्या एखाद्या सायकलमध्ये गर्भाशयाचं अस्तर तयार करून गर्भ वितळवतात आणि सोडतात. एका वेळी एकच सोडावा. जुळ्यांची हौस इथे नको, धोके वाढतात. त्या दिवशी कोणत्या क्रमांकाचा गर्भ वितळवला हे विचारा आणि रिपोर्टशी ताडून पाहा. डॉक्टरांना यात गैर वाटत नाही, आणि वाटलं तरी विचारा. साधारण दहा-चौदा दिवसांनी बीटा एचसीजी, म्हणजे दिवस राहिले का हे सांगणारी रक्ततपासणी. चांगला गर्भ सोडूनही पुष्कळदा तो रुजत नाही. यात कोणाची चूक नसते, आणि पलंगावर झोपून राहिल्याने शक्यता वाढत नाही.

दिवस राहिले तरी सीव्हीएस किंवा त्यानंतरची अॅम्निओसेंटेसिस (गर्भजलाची तपासणी) सुचवली जाते, आणि ते बरोबरच आहे. पीजीटी-एममध्ये चूक दुर्मीळ असली तरी शून्य नाही: नमुन्यांची अदलाबदल, न दिसलेली प्रत, किंवा याच काळात नैसर्गिकरीत्या राहिलेला गर्भ. हे शेवटचं टाळायला त्या सायकलमध्ये निरोध वापरायला सांगतात. सीव्हीएस नकोच असेल तर बाळ जन्मताना नाळेतल्या रक्ताची डीएनए तपासणी करा. नवजात बाळाच्या साध्या एचपीएलसीवरून थॅलेसेमियाचं नक्की सांगता येत नाही, कारण सुरुवातीचे महिने रक्तात गर्भावस्थेतलंच हिमोग्लोबिन जास्त असतं.

उरलेले गर्भ कायद्याने दहा वर्षांपर्यंत साठवता येतात. दरवर्षीचं भाडं वेळेवर भरा आणि पत्ता-फोन बदलला तर क्लिनिकला लेखी कळवा. म्युटेशनचे रिपोर्ट, लॅबचं पूर्वतयारीचं पत्र आणि प्रत्येक गर्भाचा निकाल यांची एक फाइल घरी आणि एक प्रत फोनमध्ये ठेवा. दुसऱ्या वेळी पूर्वतयारी बहुधा नव्याने करावी लागत नाही. म्युटेशनच्या रिपोर्टची एक प्रत दोघांच्याही सख्ख्या भावंडांना द्या. त्यांतल्या प्रत्येकाची वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे, आणि त्यांची तपासणी एचपीएलसीपासून सुरू होते.